नऊ दिवसांचा आवाज

१

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पाणीवाल्या बाई लोकांच्या फोनवर बोलल्या आणि अख्ख्या शहराच्या तोंडचं पाणी पळालं.

व्हिडिओ मिनिटभराचाच होता. मागे पाणीपुरवठा खात्याचा तो भिंतभर नकाशा, पुढे बाईंचा थकलेला, ओळखीचा चेहरा. "मुख्य जलाशयात विष मिसळलं आहे. सगळ्यांनी शहर सोडा. जुना पूल बारा वाजेपर्यंत सुरक्षित आहे. सामान घेऊ नका, लगेच निघा."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर लोकांनी चार जणांना विचारलं असतं. पण पाणीवाल्या बाई म्हणजे खात्याच्या मुख्य अभियंता. युद्धाला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्या रोज संध्याकाळी सहाला रेडिओवरून कुठल्या भागात किती वाजता पाणी येईल ते सांगत. पाणी त्याच वेळेला यायचं. विजेनं दगा दिला, तहाच्या बातम्यांनी दगा दिला, पण बाईंच्या नळानं कधी दिला नाही. मग त्यांनी 'निघा' म्हटल्यावर कोण थांबणार?

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर खातरजमा कक्ष होता. दोन खोल्या, तीन टेबलं आणि खिडकीच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या. तिथं लघुबाई खुर्चीत बसून तो व्हिडिओ चौथ्यांदा ऐकत होत्या. नावावरून कुणी फसू नये, बाई अंगानं चांगल्या भरभक्कम होत्या. तीस वर्षं त्यांनी सभागृहातली भाषणं लघुलिपीत उतरवून घेतली, म्हणून त्या लघुबाई. निवृत्त झाल्या त्याच वर्षी युद्ध सुरू झालं. खोटे फोटो, खोटे आवाज, खोटे हुकूम यांचा पूर आला, तेव्हा नगरपालिकेनं त्यांना परत बोलावलं. यंत्रं पुष्कळ मिळत होती, पण तिखट कानाचं माणूस मिळत नव्हतं.

दार ढकलून कॅप्टन आत आला. लष्कर आणि नगरपालिका यांच्यातला दुवा म्हणजे हा. एरवी बूट पुसून आत येणारा माणूस आज तसाच आला.

"बाई, हे खोटं आहे ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"खोटं असायलाच हवं. पुलासमोरच्या टेकडीवर त्यांनी काल तोफा चढवल्यात. पुलावर गर्दी झाली की..."

"मग पाणीवाल्या बाईंनाच बोलायला लावा."

"त्या काल पहाटे नदीपलीकडच्या पंपावर दुरुस्तीला गेल्यात. तारा तुटल्यात, फोन बंद आहे. माणूस पाठवलाय, पण तो परत येईपर्यंत दुपार टळेल."

खिडकीखालून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. रस्ता आताच भरायला लागला होता.

२

पलीकडच्या टेबलावर टक्केसाहेब घामाघूम झाले होते. कक्षातली तपासणीची यंत्रं हे चालवत आणि कुठलीही गोष्ट टक्क्यांत सांगत. 'जेवलात का?' विचारलं तरी 'ऐंशी टक्के' म्हणणारा माणूस.

"चेहरा बनावट आहे, बासष्ट टक्के," ते म्हणाले. "व्हिडिओ इतक्या वेळा फिरलाय की चित्र पार घासून गेलंय. बासष्टच्या वर यंत्र जात नाही."

"बासष्ट टक्क्यांवर कोण आपली पोरं घरात बसवील?" कॅप्टन उसळला. मग तो जरा पुढं झुकला. "लघुबाई, दुसरा उपाय आहे. बाईंचा रेडिओवरचा आवाज आमच्याकडे साठवलेला आहे. माझी माणसं अर्ध्या तासात दुसरा व्हिडिओ बनवतील. त्यात बाई म्हणतील, 'घरी थांबा, पाणी स्वच्छ आहे.' नाहीतरी त्या हेच म्हणाल्या असत्या."

टक्केसाहेबांनी मान खाली घातली. उपाय सोपा होता आणि चाललाही असता.

"उद्या त्या परत येतील," लघुबाई म्हणाल्या, "आणि रेडिओवर खरंच बोलतील. तेव्हा लोक म्हणतील, ही कुठली? त्यांची की आपली? कॅप्टन, त्यांनी बाईंचा आवाज एकदा चोरलाय. तुम्ही दुसऱ्यांदा चोरलात तर बाईंकडे उरणार काय?"

"आणि पुलावर माणसं मेली तर?"

"म्हणून तर म्हणते, मला वेळ द्या. साडेदहापर्यंत."

त्यांनी डोळे मिटले आणि व्हिडिओ पुन्हा लावला. चेहऱ्याकडे त्या बघतच नव्हत्या. 'सगळ्यांनी शहर सोडा.' त्यांनी हात वर केला. पुन्हा. 'सगळ्यांनी शहर सोडा.' पुन्हा.

"ऐकलंत? 'स' म्हणताना शीळ वाजते. बारीक, किटलीला वाफ धरल्यासारखी. 'शहर'मध्येही आहे, पण कमी."

"बाईंना तशी सवय नाही," टक्केसाहेब म्हणाले. "म्हणजे यंत्राची चूक."

"यंत्र ऐकलेलंच बोलतं हो. त्याला स्वतःहून शीळ सुचायची नाही." लघुबाई उठल्या. "बाई कधीतरी अशा बोलल्या आहेत, आणि ते कुणीतरी रेकॉर्ड केलंय."

३

पाणीवाल्या बाईंचे यजमान चित्रकलेचे मास्तर होते. घर नगरपालिकेपासून दोन गल्ल्यांवर. गल्लीतली दारं धडाधड लागत होती, एक बाई मांजर पोटाशी धरून धावत होती आणि मास्तर मात्र ओट्यावर शांतपणे ब्रश धूत बसले होते.

"तुम्ही निघाला नाहीत?" कॅप्टननं विचारलं.

"सव्वीस वर्षांचा संसार आहे, साहेब. शहराला 'सामान घेऊ नका' सांगणारी बाई मला आधी छत्री, औषध आणि चष्मा घ्यायला सांगेल. त्यात माझं नाव नाही, म्हणजे ती बोलणारी माझी बायको नाही." मास्तर हसले, पण धुतलेलाच ब्रश त्यांनी पुन्हा पाण्यात बुडवला. बायको तोफांच्या पलीकडे होती.

"मास्तर, बाई कधी शीळ घातल्यासारखं बोलत होत्या का?"

मास्तरांचा ब्रश थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं? हे कुणालाच माहीत नाही."

मग त्यांनी सांगितलं. दीड महिन्यापूर्वी एक अडकलेली झडप खोलताना पाना सटकला आणि बाईंचा पुढचा दात अर्धा उडाला. दंतवैद्याकडे जखमींची रांग होती. बाई म्हणाल्या, 'त्यांचं आधी होऊ दे.' नऊ दिवस त्या तुटक्या दातानं वावरल्या. तोंडाला रुमाल धरून फिरायच्या. रेडिओच्या खोलीत त्यांनी त्या दिवसांत पाऊल टाकलं नाही, बोलायला उपअभियंत्यांना पाठवलं. दहाव्या दिवशी दात बसला आणि शीळ गेली.

"तिनं त्या दिवसांत फोनवर पाठवलेला एक निरोप आहे माझ्याकडे." मास्तरांनी तो ऐकवला. 'संध्याकाळी उशीर होईल, सगळं झाकून ठेवा, आणि हसू नका हो!' तीच शीळ.

लघुबाईंनी कॅप्टनकडे पाहिलं. "व्हिडिओतल्या चेहऱ्याला दात पुरे आहेत. तोंड एका महिन्याचं, आवाज दुसऱ्या महिन्याचा!"

"म्हणजे झालं की! जाहीर करू."

"लोक विचारतील, हा आवाज त्यांच्या हाती लागला कुठून. ते सांगता आलं नाही तर म्हणतील, म्हातारीनं दात उकरून काढला." त्या पुन्हा मास्तरांकडे वळल्या. "नऊ दिवसांत बाई कुणासमोर बोलल्या?"

"लोकांसमोर म्हणाल तर एकदाच. त्यातल्या मंगळवारच्या बंद बैठकीत. तिथं चौघंच होते. ती, उपअभियंते, हे तुमचे कॅप्टन..."

कॅप्टनचा चेहरा दगडासारखा झाला.

"...आणि टिपणं घ्यायला तुमची सूनबाई."

४

"माझ्यावर संशय घ्या, हरकत नाही," रस्त्यानं चालता चालता कॅप्टन म्हणाला. "पण बैठकीआधी सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप मीच लावलं होतं. एखाद्यानं दुसरा फोन लपवून नेला असेल तर तो उपअभियंता. तो बाईंना पहिल्यापासून पाण्यात पाहतो. त्याला म्हणे ती खुर्ची हवी होती."

खोटं नव्हतं. उपअभियंते वयानं मोठे, आणि बाई कानामागून येऊन तिखट झाल्या हे त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. खात्यात गेल्यावर त्यांची खोली उघडी दिसली. टेबलावर अर्धा चहा, खुंटीवरचा कोट गायब. पहारेकऱ्यानं सांगितलं, "साहेब साडेसातलाच गाडी घेऊन गेले. पुलाकडे."

"पळाला!" कॅप्टननं फोन काढला. पुलावरच्या पोलिसाशी तो बोलला, ऐकत राहिला आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. त्यानं फोन लघुबाईंच्या हाती दिला.

"हॅलो? कोण, लघुबाई का?" पलीकडे प्रचंड गलका होता आणि त्यातून उपअभियंत्यांचा घोगरा आवाज. "मी टँकरवर उभा आहे. जलाशयातूनच भरून आणलाय. लोकांसमोर पाणी पितोय. हा चौदावा ग्लास!"

"लोक काय म्हणतात?"

"म्हणतात, विष हळूहळू चढतं. एक जण म्हणाला, हा आधीच औषध घेऊन आलाय. काही थांबलेत, पण मागून रेटा येतोय. बाई, काहीतरी करा, मी आणखी किती पिणार?"

लघुबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "एकच सांगा. बाईंच्या जागी तुम्ही रेडिओवर बोलत होतात, तेव्हाच्या मंगळवारच्या बैठकीत बाई कशा बोलल्या?"

"कशा म्हणजे? नेहमीसारख्याच! तोंडावर रुमाल होता, एवढंच. फुटलेल्या पाइपासारख्या धो धो. मध्ये श्वास घेतील तर शपथ. मला बोलायला मिळालं असतं तर मी भांडलो नसतो का?"

फोन बंद झाला. लघुबाई तिथंच, रिकाम्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपल्या फोनवर व्हिडिओ लावला आणि या वेळी शब्द सोडून मधल्या जागा ऐकल्या.

'मुख्य जलाशयात.' थांबा. 'विष मिसळलं आहे.' थांबा. 'जुना पूल.' थांबा. 'बारा वाजेपर्यंत.' थांबा.

तीस वर्षं त्यांनी हे थांबे ऐकले होते. माणूस बोलण्याच्या भरात असला की असं थांबत नाही. समोर कुणी लिहून घेत असलं की थांबतो. चार शब्द सांगतो, पेन्सिल पोचली का बघतो आणि पुढचे चार सांगतो. यंत्रानं शीळ उचलली तसे हे थांबेही उचलले होते.

"कॅप्टन," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आवाज बैठकीतला नाही. बैठकीनंतरचा आहे. तुम्ही दोघं निघून गेल्यावर बाईंनी कुणाला तरी मजकूर सांगितला. आणि मजकूर लिहून घेणारी त्या खोलीत एकच होती."

५

सून पहिल्या मजल्यावर सभेची टिपणं टंकत होती. बाहेर शहर पळत होतं आणि ही कामावर होती, कारण सासू कामावर होती. तिची सहा वर्षांची मुलगी टेबलाखाली बाहुलीला निजवत होती. लघुबाईंनी कॅप्टनला दाराबाहेर थांबवलं आणि स्वतः आत गेल्या.

"दीड महिन्यापूर्वी, मंगळवारची बंद बैठक संपल्यावर पाणीवाल्या बाईंनी तुला काही सांगितलं होतं लिहून घ्यायला?"

"हो आई. गळतीबद्दलचं पत्र होतं, दुसऱ्या गावच्या खात्याला. गुप्त असं काही नव्हतं त्यात." बोलता बोलता तिची बोटं थांबली. "का?"

"ते लघुलिपीत घेतलंस?"

सुनेनं समोरचे कागद नीट रचले. लघुबाईंनी घाई केली नाही. तीस वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं की माणूस गप्प होतो तेव्हाच खरं बोलायच्या जवळ आलेला असतो.

"त्या आठवड्यात आपण चार रात्री तळघरात होतो," सून म्हणाली. "ही झोपायची नाही, म्हणून मीही नाही. पेन्सिल हातातून गळायला लागली. पेटीतून फोन मिळालाच होता. मी बाईंना विचारून नऊ मिनिटं रेकॉर्ड केलं. मग... फोनवर एक फुकटची सोय आहे, कुणाची ते ठाऊक नाही, आवाज टाकला की लिहून मिळतं. मी तिथं टाकलं. दोन मिनिटांत पत्र तयार झालं." तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "आई, आज सकाळी जे आलंय, ते..."

"हो."

"मी केलं ते?"

"तू झोपेसाठी केलंस. त्यांनी ते तोफांसाठी वापरलं. रेडिओवरचा आवाज खरखरीतून येतो, त्यांना स्वच्छ हवा होता. तुझ्याकडून आयता मिळाला."

सून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. टेबलाखालून मुलगी म्हणाली, "आई, बाहुली उठेल, रडू नको."

लघुबाई तिच्या शेजारी बसल्या. "ऐक. मी रेडिओवर जाऊन दाताचं सांगणार आहे. आवाज कुठून गेला ते सांगितलं तर लोकांचा विश्वास बसेल. पण तुझं नाव मी घेणार नाही. 'कार्यालयातून चुकून गेला' एवढंच म्हणेन. चौकशी होईल तेव्हा होईल."

"'कार्यालयातून' म्हटलं तर कोण विश्वास ठेवील?" सुनेनं डोळे पुसले. "कार्यालय तर नेहमीच असं बोलतं."

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिनं मुलीला उचलून लघुबाईंच्या कडेवर दिलं आणि जिन्याकडे चालू लागली.

६

रेडिओची खोली तळमजल्याखाली होती. कॅप्टननं एकदा समजावून पाहिलं. "ताई, हे बोललात तर तुमच्यावर खटला होऊ शकतो. मलाच कागद करावे लागतील."

"करा," सून म्हणाली. "आधी हा दिवा लावा."

लाल दिवा लागला. पुलावरच्या पोलिसांनी गाडीचे कर्णे रेडिओला जोडले होते.

आधी लघुबाई बोलल्या. त्यांनी तीन आवाज ऐकवले. पहिला पाणीवाल्या बाईंचा परवा संध्याकाळचा, रेडिओवरचा. दुसरा मास्तरांच्या फोनवरचा. तिसरा आज सकाळचा. "फक्त 'स' ऐका," त्या म्हणाल्या. "आठवतंय ना, मध्ये नऊ दिवस बाई रेडिओवर आल्या नव्हत्या? त्यांचा पुढचा दात तुटला होता. आता व्हिडिओ बघा. दात जागेवर आहे, आवाज मात्र फटीतून येतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या कानांवर ठेवा."

मग त्या बाजूला झाल्या.

"मी नगरपालिकेत टिपणं लिहिते," सून म्हणाली. पहिलं वाक्य चिरकलं. तिनं पाणी प्यायलं, नळाचं, आणि पुन्हा सुरुवात केली. "तो आवाज माझ्यामुळे बाहेर गेला. मी दमले होते, मला सोपा रस्ता हवा होता, म्हणून बाईंचं रेकॉर्डिंग मी अनोळखी ठिकाणी टाकलं. त्याचं हे झालं. चूक माझी आहे, पाण्याची नाही. पाणी स्वच्छ आहे. माझी मुलगी तेच पितेय. पुलासमोर तोफा आहेत. मला हवी ती शिक्षा द्या, पण आधी घरी जा."

पुलावर काय झालं ते नंतर उपअभियंत्यांनी सांगितलं. गर्दी एकदम थांबली नाही. आधी एका म्हाताऱ्यानं फोन कानाला लावून व्हिडिओ पुन्हा ऐकला. शेजारच्यानं ऐकला. मग जिकडे तिकडे लोक फोन कानाला लावून 'स' ऐकत उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "अरे, खरंच की! शीळ!" एक बाई माघारी वळली. तिच्यामागून तिची जाऊ वळली. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. तोवर उपअभियंत्यांचा एकविसावा ग्लास चालू होता. त्यांनी तो तिथंच ठेवला आणि टँकर आडवा लावून पूल अडवला.

अकरा पन्नासला टेकडीवरच्या तोफा सुरू झाल्या. पुलाचं एक टोक कोसळलं, टँकर जळाला. टँकर सोडून शेवटी पळालेले दोन पोलीस जखमी झाले, एकाच्या पायाला आणि दुसऱ्याच्या खांद्याला लागलं. बाकी पुलावर कुणी नव्हतं.

संध्याकाळी सहाला, होडीनं नदी ओलांडून परतलेल्या पाणीवाल्या बाई स्वतः रेडिओवर आल्या. आवाज बसलेला होता. त्यांनी कुठल्या भागाला किती वाजता पाणी ते सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्या मुलीला कुणी बोल लावू नका. रेकॉर्ड कर असं मीच म्हणाले होते."

कॅप्टननं कागद केले. ते करणं त्याला भाग होतं. सुनेला बंद बैठकांतून काढलं आणि चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. ती बसली. कुणाला भेटेना, धड जेवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी खातरजमा कक्षाच्या दारात रांग लागली. लोक फोन घेऊन आले होते. कुणाकडे मुलाचा आघाडीवरून आलेला निरोप, कुणाकडे शरण जाण्याचा हुकूम, कुणाकडे कसली यादी. पुढं एक भाजीवाली होती. तिच्या फोनमध्ये तिच्या भावाचा आवाज होता. तो म्हणत होता, मी पकडला गेलोय, मला सोडवा.

"द्या, मी ऐकते," लघुबाई म्हणाल्या.

भाजीवालीनं फोन छातीशी धरला. "ती कुठंय? रेडिओवर बोलली ती?"

"तिची चौकशी चालू आहे हो. ती घरी आहे."

"असू दे चालू. माझ्या भावाचा प्रश्न आहे, मला तिलाच विचारायचंय. स्वतःचं झाकलं नाही तिनं. माझ्याशी काय खोटं बोलणार?"

मागून दोघा-तिघांनी माना डोलावल्या. टक्केसाहेब म्हणाले, "शंभर टक्के." त्यांना शंभर म्हणताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

लघुबाईंनी कॅप्टनकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता. त्यानं थोडा विचार केला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि जिना उतरला. अर्ध्या तासानं सून आली. केस ओले, डोळे सुजलेले. रांगेनं तिला वाट करून दिली.

ती भाजीवालीसमोर खुर्ची ओढून बसली, दोन्ही हातांनी फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊ घरी कसा बोलतो ते आधी मला सांगा. सावकाश सांगा. मी लिहून घेते."